खळ्यातला कालकेय

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. शहाद्याजवळ माझ्या बहिणीचे खळे आहे. एका बाजूला कडब्याची गंजी, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली नुकत्याच वेचलेल्या कापसाचा ढीग आणि मधोमध शेणाने सारवलेली मोकळी जागा. भाऊबीज होऊन गेली होती, फराळाच्या डब्यांना तळ दिसू लागला होता आणि सुट्टी मात्र अजून आठ दिवस शिल्लक होती. अशा वेळी मुलांना जे सुचते तेच सुचले. सरपणातल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या उपसून त्यांच्या तलवारी झाल्या, तेलाच्या डब्यांचे कापलेले पत्रे ढाली झाले आणि एक चाक मोडलेली बैलगाडी माहिष्मतीचा किल्ला झाली. ‘बाहुबली’ पडद्यावर आला २०१५ साली, म्हणजे त्या खळ्यातली निम्मी मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. पण टीव्हीने तो इतक्या वेळा दाखवला आहे की त्यातली लढाई मुलांना परवच्यासारखी पाठ असते. बाहुबली अर्थातच माझा भाचा झाला, कारण खळे त्याच्या बापाचे होते. भाचीला कटप्पा व्हायचे होते. मुलगी कटप्पा कशी होईल यावर बराच वाद झाला आणि शेवटी तिने आईकडे जाण्याची धमकी दिल्यावर तिला कटप्पा करण्यात आले. मग प्रश्न आला तो कालकेयाचा, म्हणजे सिनेमातल्या काळ्या, क्रूर शत्रुटोळीच्या सरदाराचा.

कोणीच पुढे होईना. गोठ्याच्या खांबाला टेकून सालदाराचा मुलगा उभा होता, असेल दहा वर्षांचा. त्याचे घर मूळचे धडगावकडचे, पावरा आदिवासी. आईबाप गेली काही वर्षे बहिणीच्या शेतावर सालाने आहेत. भाच्याने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “तू व्हय कालकेय. तू तं कायाच शे.” त्या बोलण्यात द्वेष नव्हता, हे मी मामा म्हणून त्याची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही. उंच मुलाला फळीवरचा डबा काढायला सांगावा, तितक्या सहजपणे ते बोलले गेले. मुलगाही आनंदाने आला. इतकेच काय, कोणी न सांगता तो चुलीपाशी गेला, मूठभर राख घेऊन त्याने ती गालांना आणि कपाळाला फासली, आणि मग बैलगाडीसमोर उभा राहून एक हात वर करून त्याने आपल्या नसलेल्या सैन्याला खणखणीत आवाजात पावरीत काहीतरी फर्मावले. एक लांबलचक वाक्य, मग एक छोटे, मग पुन्हा एक लांब. क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळे खळे हसून लोळू लागले. “किलिकी! किलिकी बोलतोय!” भाच्याची तलवार हातातून गळून पडली. मी खाटेवर बसून चहा पीत होतो. मीसुद्धा इतका हसलो की बशीतला चहा धोतरवाल्या आजोबांच्या पांढऱ्या उपरण्यावर सांडला.

त्या वाक्यांतला एकही शब्द मला कळला नव्हता.

रात्री झोप येईना तेव्हा हे लक्षात आले. त्या मुलाच्या बोलण्याला सुरुवात होती, शेवट होता, मध्ये एक ठिकाणी आवाज खाली आणून त्याने बहुधा काही समजावलेही होते. ती घडीव भाषा होती, आणि ती मी पंचवीस-तीस वर्षे बांधापलीकडून, बाजारातून, एसटीच्या मागच्या बाकावरून ऐकत आलो आहे. चित्रपटातल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी ही भाषा रचली, हे मी वर्तमानपत्रात आवडीने वाचले होते. तिच्यासाठी २१ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे नेमक्या मातृभाषा दिनी, संकेतस्थळ सुरू झाले हेही मला ठाऊक होते. कल्पनेतल्या क्रूर टोळीच्या भाषेला व्याकरण आहे, लिपी आहे, ती शिकता येते, याचे मी कौतुक केले होते. आणि ज्या नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांतली जवळपास सात आदिवासी आहेत, जिथे पावरी, भिलोरी, मावची, देहवाली या भाषा रोज सकाळी चुलीपाशी बोलल्या जातात, तिथे बसून मी एका मुलाच्या मातृभाषेला हसलो होतो, कारण ती मला बनावट भाषेसारखी वाटली होती.

हे अधिक बोचण्याचे कारण जुने आहे. मी चोपड्याकडचा. आमच्याकडे ‘ळ’ जिभेवर टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि ज्या केळीवर आमच्या जिल्ह्याचे पोट चालते ती केयी. अठराव्या वर्षी पुण्याला वसतिगृहात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी वाढप्याला विचारले की आज केयी आहेत का. टेबलावर जे हसू फुटले ते मला अजून ऐकू येते. पुढची तीन वर्षे माझे नावच ‘केयी’ पडले. ती मुले वाईट नव्हती; त्यांतले दोघे आजही माझे जिवलग आहेत. पण त्या दिवसांत मी रात्री गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून, कळ, फळ, बळ, जवळ, कावळा असे शब्द घोकत असे. जीभ मागे वळवून टाळूला लावायची आणि सोडायची. दोन महिन्यांत ळ आला. तो आल्यावर मला खूप आनंद झाला होता, हेही खरेच आहे, आणि दिवाळीत घरी गेलो तेव्हा आजीने “हाई कोन्ही भाषा बोली राह्यना रे बापू?” असे विचारल्यावर तो आनंद कुठे ठेवावा हे कळेनासे झाले.

त्याच पुण्यात मराठीच्या तासाला बहिणाबाई चौधरींची कविता शिकवताना आमच्या प्राध्यापकांचा स्वर हळवा होत असे. आमच्याकडचीच ती माउली, जळगावजवळच्या आसोद्याची. तिच्या ओळीतला ‘य’ सगळ्या वर्गाला गोड वाटे आणि माझ्या तोंडचा ‘य’ मेसमध्ये विनोदी वाटे. तेव्हा राग यायचा. कारण मात्र बऱ्याच वर्षांनी उमगले. बोली रडत असेल, दळत असेल, देवाला आळवत असेल किंवा लोकांना हसवत असेल तर तिचे स्वागत होते. मराठी सिनेमात खानदेशी बोलणारा माणूस मी पाहिला तो हवालदार, आचारी किंवा नायकाचा गावाकडचा मामा म्हणून. अहिराणीत कोणी सेनापती हुकूम देताना, शास्त्रज्ञ रॉकेट सोडताना किंवा जादूगार मंत्र म्हणताना मला दिसला नाही. त्या मुलाने खळ्यात नेमके हेच केले होते. त्याने आपल्या भाषेत हुकूम दिला होता आणि म्हणून आम्ही हसलो होतो. तो त्याच भाषेत रडला असता तर आम्ही सगळे धावत गेलो असतो.

लहानपणी अद्भुताशी माझी ओळख झाली ती चोपड्याच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या टपरीत. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली इंद्रजाल कॉमिक्स आणि चांदोबाचे अंक. नव्या शाईचा आणि शेजारच्या भजीवाल्याच्या तेलाचा एकत्र वास. इंद्रजालमधला वेताळ हा माझा देव होता. ली फाल्क या अमेरिकी लेखकाने १९३६ साली जन्माला घातलेला हा वेताळ, कवटीच्या गुहेत कवटीच्या सिंहासनावर बसणारा गोरा माणूस, आणि त्याच्याभोवती त्याच्या शब्दाखातर विषारी बाण सोडणारी बुटकी काळी माणसे. पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या बापाचा गोरा मुलगा त्या जंगलावर राज्य करतो आणि जंगलातल्या लोकांना त्यात काहीच वावगे वाटत नाही, मलाही वाटत नव्हते. आम्ही वेताळ-वेताळ खेळायचो तेव्हा बुटक्यांच्या सरदाराचे काम माझ्या धाकट्या भावाकडे जायचे. तो रडायचा, आम्ही त्याला चिंचेची लाच द्यायचो. माझ्या घराच्या ओट्यावरून उत्तरेला पाहिले की सातपुड्याची निळी रेघ दिसायची. त्या रेघेपलीकडे धनुष्यबाण बाळगणारी खरी माणसे राहतात हे मला माहीत होते, दर आठवडी बाजारात ती डिंक, चारोळी आणि मोहाची फुले घेऊन आमच्याच गल्लीतून जात. पण वेताळाच्या जंगलाचा आणि त्या डोंगराचा काही संबंध असेल, असे माझ्या मनात कधीही आले नाही. गोष्टीतले जंगल गोष्टीत आणि बाजारातला माणूस बाजारात. चांदोबातले राक्षस तर मला फार आवडत. काळेकुट्ट, जाड ओठांचे, कानांत मोठ्या बाळ्या घातलेले. राजकुमार सगळे उजळ आणि थोडे एकसारखे, राक्षस मात्र प्रत्येक वेगळा. चित्रकाराने जीव राक्षसांतच ओतला होता, हे आजही कबूल करतो.

पुण्याला इंग्रजी वाचण्याची हिंमत आल्यावर ग्रंथालयात अर्सुला ले ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हाती लागली. १९६८ सालची कादंबरी. डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा पुढे मोठा जादूगार होतो. ज्याचे खरे नाव कळते त्याच्यावर तुमची सत्ता चालते, ही तिच्यातली कल्पना मला इतकी पटली की मी काही दिवस वहीत सगळ्यांची खरी नावे लिहीत होतो. ती कादंबरी मी एका वर्षात तीन वेळा वाचली. आणि कितीतरी वर्षांनी, दाढी पिकू लागल्यावर, चौथ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थबकलो. नायक गेड हा तांबूस तपकिरी रंगाचा आहे, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. त्याचा मित्र व्हेच तर त्याहून गडद, काळाच. त्या जगातली बहुतेक माणसे सावळी आहेत आणि गोरे आहेत ते समुद्रापलीकडून येणारे हल्लेखोर. हे मी तीन वेळा वाचले होते आणि तिन्ही वेळा माझ्या मनाने गेडला गोरा रंग फासला होता. मी, ज्याला वसतिगृहात ‘केयी’ म्हणत आणि ज्याच्या रंगावरून आत्या हळदीचा लेप सुचवत असे, त्या मला माझ्याच रंगाचा नायक पुस्तकात ढळढळीत दिसूनही दिसला नव्हता. २००४ साली अमेरिकेत या कथेवर टीव्ही मालिका निघाली तेव्हा निर्मात्यांनी गेड गोराच केला आणि ले ग्विनने त्याविरुद्ध जाहीर लेख लिहून संताप व्यक्त केला. तो लेख वाचताना मला त्या निर्मात्यांचा राग यायला हवा होता. आला तो थोडासाच, कारण त्यांनी पैसे खर्चून जे केले ते मी फुकट, डोळे मिटून, चोपड्याच्या ओट्यावर बसून केले होते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनने १९५८ च्या एका पत्रात आपल्या ऑर्कांचे, म्हणजे त्यातल्या राक्षसी सैनिकांचे, वर्णन केले आहे: बुटके, रुंद, चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, तिरप्या डोळ्यांचे. लिहिणाऱ्याला भीतीचे चित्र काढायचे असते आणि रंग मात्र तो ओळखीच्या जगातल्या दूरच्या माणसाकडून उसना आणतो. या वाक्यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण इंग्रजांच्या चुका मोजणे आपल्याला नेहमीच सोपे पडते.

त्यापेक्षा काठीची होळी सांगतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची ही राजवाडी होळी मी एकदाच पाहिली आहे. रात्रभर ढोल चालू असतात, मोठाले ढोल, ज्यांचा आवाज कानाऐवजी बरगड्यांत ऐकू येतो. आणि होळी पेटते ती पहाटे. नवस फेडणारे पुरुष बुध्या होऊन नाचतात: अंगभर पांढरे ठिपके आणि रेघा, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरांची माळ, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. त्यासाठी ते कित्येक दिवस व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात, अंघोळ करीत नाहीत. पहाटेच्या धुक्यात आणि धुरात तसे शंभर-दोनशे पुरुष माझ्या अंगावरून एका लयीत पुढे सरकले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते: अरे, हे तर सिनेमातल्यासारखे आहे. म्हणजे ज्या वेषभूषाकारांनी असल्या उत्सवांतून ठिपके, पिसे आणि हाडांच्या माळा उचलून पडद्यावरच्या नरभक्षक टोळ्या सजवल्या, त्यांची नक्कल मला आधी भेटली होती आणि अस्सल नंतर. थोड्या वेळाने एक बुध्या दम खायला माझ्या शेजारच्या दगडावर येऊन बसला. घामाने त्याचे ठिपके ओघळले होते, भोपळे मांडीवर घेऊन तो धापा टाकत होता. मी कुठून आलो, काय करतो, अशी चौकशी त्याने स्वच्छ मराठीत केली. शिक्षक आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. तोही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. “मग तुमच्याकडे महागाई भत्त्याची थकबाकी निघाली का हो?” त्याने विचारले. आम्ही पाच मिनिटे थकबाकीवर बोललो, तो उठला, टोप नीट केला आणि पुन्हा ढोलाच्या दिशेने नाचत गेला. गेल्या वीस वर्षांत मी पडद्यावर असंख्य टोळ्या पाहिल्या. पिसे लावलेल्या एकाही माणसाला कोणी थकबाकीची काळजी दिलेली नाही.

पडदा बदललाच नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. ज्या राजामौलींनी कालकेय दाखवले त्यांनीच २०२२ च्या ‘आरआरआर’मध्ये कोमराम भीम या गोंड वीराला नायक केले आणि तो वाघासमोर उभा राहतो तेव्हा आमच्याकडच्या थिएटरात नाणी उधळली गेली. तरी मनात एक कुसळ राहिले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा भीमाची म्हणून ओळखली जाते, आणि चित्रपटाच्या शेवटी तो मित्राकडे अक्षर-ज्ञान मागतो व ते शब्द मित्र त्याला लिहून देतो. वाघाला हरवणाऱ्याला स्वतःची घोषणाही दुसऱ्याच्या हस्ताक्षरात घ्यावी लागली. उलट ‘ब्लॅक पँथर’ मी मोबाइलवर पाहिला, उशीखाली चार्जर लावून, आणि त्यातल्या राजाचे पराक्रम मला आता आठवतही नाहीत. आठवते ते त्याचे आपल्या माणसांशी खोसा भाषेत बोलणे. ती दक्षिण आफ्रिकेतली जिवंत भाषा आहे. जॉन कानी या तिथल्या ज्येष्ठ नटाने आधीच्या चित्रपटात राजाच्या बापाचे काम करताना ती आणली आणि मग ती सिनेमातल्या वाकांडा देशाची भाषा ठरली. टिचक्या वाजाव्यात तसे तिचे उच्चार. त्या भाषेत राजा हुकूम देतो आणि कोणी हसत नाही. मी ते दृश्य मागे घेऊन तीनदा पाहिले. मला कळत काहीच नव्हते, तरी या वेळी न कळण्याचा दोष माझ्याकडे होता, बोलणाऱ्याकडे नव्हता.

आणि अगदी जवळचे उदाहरण हवे तर धुळ्याहून तासाभराच्या रस्त्यावर मालेगाव आहे. तिथल्या लोकांनी आपला सुपरमॅन आपणच केला; फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात तो सगळा खटाटोप दिसतो. काडीसारखा किरकोळ यंत्रमाग कामगार, अंगाला सैल होणारा वेष, आणि लढाई कुणाशी तर तंबाखूवाल्याशी. ते पाहताना मी पोट धरून हसलो, पण ते हसू खळ्यातल्या हसण्याहून निराळे होते, कारण तिथे विनोद कोणता करायचा हे त्या कामगाराने स्वतः ठरवले होते. तो शफीक पुढे तरुणपणीच कर्करोगाने गेला. ते कळल्यापासून माहितीपट पुन्हा लावण्याचे धाडस झालेले नाही.

आमच्या भागाचा स्वतःचा एक अमर योद्धा आहे, आणि तो कोणत्याही कादंबरीत शोभेल असा आहे. धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याकडून झेंडे घेतलेली तरुण मुलांची टोळकी त्या डोंगरावर चढतात, बहुतेक सगळी आदिवासी. महाभारतात शाप मिळालेला, कपाळावरची जखम कधीही न भरणारा तो वीर अजून या दऱ्यांत फिरतो, जखमेला लावायला तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे सांगतात. माझी आजी सांगायची की तिन्हीसांजेला अनोळखी माणूस दारात येऊन तेल मागू लागला तर नाव-गाव विचारायचे नाही, मुकाट्याने ओंजळीत ओतायचे. तिच्या गोष्टीत अश्वत्थामा म्हणायचा, “माय वं, थोडं तेल दे.” म्हणजे तो अहिराणी बोलायचा. मला तेव्हा ते इतके स्वाभाविक वाटले होते की द्रोणाचार्यांचा मुलगा अहिराणी कुठे शिकला असा प्रश्न पडला नाही. डोंगरावर चढणाऱ्या मुलांशी तो अर्थातच त्यांच्या भाषेत बोलत असणार. पाच हजार वर्षे जो माणूस या दऱ्यांत आहे त्याला पावरी येत नसेल तर कोणाला येणार? २०२४ मध्ये ‘कल्की २८९८ एडी’ आला आणि त्यात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले, काशीत. मी तो भाच्यांना घेऊन पाहिला. पुढच्या रांगांमध्ये डोंगराकडची मुले बसली होती. बच्चन साहेबांच्या कपाळावरची जखम पडद्यावर आली तशी कुणीतरी शीळ घातली आणि ओरडले, “अस्तंबा!” मग पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. पडद्यावरचा तो उंच, पट्ट्या गुंडाळलेला म्हातारा कोणत्याच बाजूने त्यांच्यासारखा दिसत नव्हता, शुद्ध हिंदी बोलत होता, आणि ती मुले आपला घरचा माणूस भेटल्यासारखी नाचत होती. मी बसलो तसाच राहिलो. इतका वेळ जमवलेली माझी सगळी तक्रार त्या शिट्ट्यांपुढे थोडी रोडावली. आणि तरीही वाटले की यांच्यातला एखादा कधी त्या डोंगरावर, त्याच्याच भाषेत तेल मागताना दिसला असता, तर या रांगा खाली बसल्याच नसत्या.

गेल्या दिवाळीत पुन्हा शहाद्याला गेलो. बैलगाडी भंगारात गेली होती, तिच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, आणि पऱ्हाट्यांच्या तलवारी कुणी उपसत नव्हते. मुले मोबाइलवर लढत होती. सालदाराचा मुलगा एकदम उंच झाला होता, ओठांवर कोवळी लव आली होती. तो बापाबरोबर कापसाची गाठोडी ट्रॉलीत चढवत होता. चहाच्या वेळेला ते दोघे छपराखाली टेकले तेव्हा मी धीर करून त्याला विचारले की त्या वर्षी तू कालकेय झाला होतास तेव्हा जे बोललास ते काय होते. त्याने आधी बापाकडे पाहिले, मग पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मला वाटले, त्याला वाईट वाटले असेल, आणि मनाशी क्षमेचे एक लांब वाक्यही मी जुळवून ठेवले होते.

“शेळ्या पिकात शिरल्या का म्हनतो, ते,” तो म्हणाला.

बापाने चहाचा पेला खाली ठेवला आणि तो मांडीवर थाप मारून हसू लागला. मुलगा सांगत गेला. मागे फिरा, तिकडे नाही, बांधावर चढा, म्हातारी शेळी मोहरे लागली का बाकीच्या ऐकतात म्हणून तिला नीट समजावून सांगायचे, असे सगळे ते होते. कालकेयाने काय बोलायचे हे त्याला कुणी सांगितले नव्हते, म्हणून जोरात म्हणण्यासारखे जे पाठ होते ते त्याने म्हटले. माझा भाचा मोबाइलमधून मान वर करून ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. “म्हंजे आम्ही शेळ्या?” त्याने विचारले. मुलाने उत्तर दिले नाही, फक्त पेल्याच्या काठावरून त्याच्याकडे पाहिले. मग भाचा उठून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, माले शिकाड. मुलाने ते वाक्य म्हटले. भाच्याने म्हणून पाहिले, पहिल्याच शब्दात कुठेतरी जीभ अडली. मुलाने पुन्हा म्हटले, सावकाश. भाच्याने पुन्हा अडखळून म्हटले. असे चार-पाच वेळा झाले. बाप हसत होता, भाची हसत होती, भाचा घामाघूम झाला होता, आणि मला पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभा असलेला एक मुलगा आठवत होता.

शेवटी तो मुलगा पेला विसळून उठला, गाठोड्याला हात घातला आणि जाता जाता म्हणाला, “शेळ्यांले तं एकदाच सांगनं पडतं.”